फ्रेमवाल्या काकांचा आवाज

श्वास चालू असतो तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, त्यामुळे माझ्या कामाकडेही नाही. आई शेजारणीला सांगते, ‘आमची हॉस्पिटलात असते,’ आणि पुढचा प्रश्न आला की विषय बदलते. नर्स म्हणावं तर मी नर्स नाही, डॉक्टर म्हणावं तर तेही नाही. भाऊ मला फुंकणी म्हणतो. वॉर्डात मी हवाबाई. पदवीच्या कागदावर ‘श्वसन-चिकित्सक’ असं काहीतरी भारदस्त छापलंय, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर मी मागे वळून पाहीन असं मला वाटत नाही.

शिकायला लागलो तेव्हा आमच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची नाकं चिमट्याने बंद केली, तोंडात एकेक बारीक स्ट्रॉ दिली आणि म्हणाल्या, ‘आता जिना चढून या. रोग्याला कसं वाटतं ते पुस्तकात नाही.’ मधल्या वळणावर मला वाटलं, आता जग एवढंच, या नळीएवढं. पुढे फुप्फुसांचे कप्पे आले, रक्तातले वायू आले, यंत्रं, औषधं, परीक्षा, शेवटचं अख्खं वर्ष वॉर्डात उभ्याने काढलं. पण मला विचाराल तर आमची पात्रता त्या जिन्यावरच ठरली. दोघी जणी तिथूनच परस्पर घरी गेल्या.

तेव्हापासून मला श्वास दिसतात. रस्त्याने जाताना माणसांचे चेहरे राहतात बाजूला, गळपट्टीची हाडं वरखाली होताना दिसतात. झोपेत तर गल्लीतली घरंच्या घरं सावकाश फुगतात आणि बसतात, खिडक्या उघडमीट करतात, आणि मी एकेका भिंतीला हात लावून विचारत जाते, ‘दमलीस का गं?’ हे मी कुणाला सांगत नाही. फुंकणीच्या पुढे आणखी काहीतरी चिकटायचं.

आमचा वॉर्ड मोठ्या खिडक्यांचा आहे. दुपारी ऊन फरशीवर लांबपर्यंत येतं, आणि प्रत्येक खाटेशेजारी ओली वाफ सोडणारी बाटली बुडबुडत असते. त्या वाफेत ऊन शिरलं की सगळं किंचित तरंगल्यासारखं होतं. खाटा, पडदे, पायांत चपला न घालता फिरणारी मी. म्हणजे चपला असतात, पण त्या वेळी वाजत नाहीत. मी एकीकडून दुसरीकडे जाते. कुणाच्या छातीतला कफ ओढून काढायचा, कुणाच्या मनगटातून रक्त घेऊन त्यात हवा किती मुरली ते पाहायचं, कुणाचं श्वास देणारं यंत्र आज थोडं सैल करून बघायचं. माणसाला यंत्रावर चढवणं सोपं असतं. उतरवताना मात्र लहान मुलाची सायकल मागून धरतात तसं धरायचं आणि त्याला कळू न देता सोडायचं. माझा अर्धा जन्म त्या सोडण्यात चाललाय.

फ्रेमवाले काका असेच उतरले होते. त्यांचं फोटोंना चौकटी करून देण्याचं दुकान होतं. ते लाकूड नि काच कापायचे, काकू आतला पुठ्ठा कापायच्या, एकाच टेबलावर. छातीत मोठा संसर्ग झाला, बरेच दिवस यंत्रावर राहिले, शेवटी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. आता यंत्र सुटलं होतं. गळ्यातल्या नळीतून काका आपला आपण श्वास घेत होते, शांत, लांब, जुन्या घड्याळाच्या लंबकासारखा. माझा आवडता श्वास होता तो. त्यांच्या खाटेपाशी उभी राहिले की नकळत माझाही त्याच लयीत पडायचा, आणि मग मला क्षणभर कळायचं नाही की छाती कुणाची हलतेय.

काकू रोज यायच्या. खाटेशेजारच्या स्टुलावर बसायच्या आणि पडद्याशी बोलायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्याशी बोलताहेत.

‘कुणाला पाठ खाजवून हवी असेल तर आत्ताच सांगावं. नंतर हात ओले होतील.’

मी म्हटलं, ‘मला नको, काकू.’

काकांनी पाठ वळवली. काकूंनी खाजवली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी काकू खिडकीला म्हणाल्या, ‘दुकानात फ्रेमच्या पट्ट्या आल्यात. कुणाला काळजी असेल तर नसावी.’ काका छताकडे बघून मान हलवत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवराबायकोत अबोला होता, चांगला मुरलेला, आणि हॉस्पिटलात येताना तो त्यांनी सामानाबरोबर आणला होता.

मग एके दिवशी घशाच्या डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. बाई शांत आहेत, ऐकून घेतात. मला म्हणाल्या, ‘आज बोलायची झडप लावून बघ. आवाज आला तर नळी काढायच्या तयारीला लागू. नाही आला तर उद्या दुर्बीण घालावी लागेल. इतके दिवस नळ्या होत्या, स्वरपट्ट्यांना काही झालं असेल तर सगळंच लांबेल.’

काकूंनी हे ऐकलं. हातातल्या रुमालाची त्यांनी चार वेळा घडी केली आणि चार वेळा उलगडली.

झडप म्हणजे बोटाच्या पेराएवढं टोपण. गळ्यातल्या नळीभोवती आतून एक फुगा असतो. तो फुगलेला असला की सगळी हवा नळीतूनच जाते-येते, वर स्वरपट्ट्यांना वाराही लागत नाही. आधी घसा साफ करायचा, मग फुगा हळूहळू रिकामा करायचा आणि मग नळीच्या तोंडावर ही झडप बसवायची. ती हवा आत घेऊ देते, पण बाहेर सोडत नाही. मग हवेला वरूनच, घशातून, तोंडातून जावं लागतं. जाता जाता ती पट्ट्यांना हलवते, आणि माणूस बोलतो. झडप बसली आणि हवेला वर वाटच नसली, तर माणूस क्षणात कासावीस होतो. म्हणून माझा हात झडपेपासून लांब जात नाही.

काकांना वाट होती. नाकाशी कागदाचा कपटा धरला, तो छान फडफडला. बोटाला लावलेल्या प्राणवायूच्या मापकावरचा आकडा हलला नाही. छाती तशीच, संथ.

‘काका, आ म्हणा.’

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

‘बरं, नाव सांगा. नाही? मला शिवी द्या. माझा भाऊ रोज देतो, मला सवय आहे.’

काकांचे डोळे हसले. तोंड मिटलेलंच. काकू स्टुलावर अगदी कडेला बसल्या होत्या, श्वास रोखून. मला दिसत होतं ना, त्यांचा श्वास चाललाच नव्हता. काकांनी एकदा त्यांच्याकडे चोरून पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मग त्यांना खोकला आला, आणि त्या खोकल्यात खालच्या पट्टीतली, खरखरीत पण चांगली भरीव गुरगुर होती.

खोकल्यात आवाज होता. म्हणजे पट्ट्या एकमेकींना भेटत होत्या. म्हणजे हा माणूस चक्क तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

माझं डोकंच फिरलं. मी झडप काढली, फुगा भरला आणि काकूंना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले.

‘काकू, त्यांना बोलता येतंय. ते बोलत नाहीयेत. त्यांनी असाच हट्ट धरला तर उद्या विनाकारण घशात दुर्बीण जाईल. तुमचं काय भांडण असेल ते असो, आज तुम्ही आधी बोला आणि मिटवा.’

‘मला नाही बोलता यायचं,’ काकू म्हणाल्या.

‘एवढा कसला मान?’

‘मान कसला आलाय.’ त्या व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावरून माणसं जात होती, सगळी श्वास घेत, कुणालाच त्याचं काही नाही. ‘इथे आणलं तेव्हा ते शुद्धीवर होते. मला बोलायचं होतं. ओठांवर आलं होतं. मग मनात आलं, मी आत्ता बोलले तर त्यांना कळेल. आमच्याकडे असंच आहे, हे आधी बोलत नाहीत, मी तर मुळीच नाही. मी आपणहून बोलले तर ते म्हणतील, संपलं आपलं. आणि तिथेच धीर सोडतील. म्हणून मी भांडण सोडलं नाही. रोज रुसूनच यायचं ठरवलं. रुसलेल्या बायकोचा नवरा मरत नाही, असं मला वाटायचं.’

मला त्या बाईचा राग आला होता, तो कुठे गेला कोण जाणे. इतके दिवस ही बाई त्या वाफेत बसून पडद्याशी बोलत होती ती नवऱ्याला सगळं रोजच्यासारखं चाललंय असं वाटावं म्हणून. आणि मी आपली पडद्याच्या अलीकडे उभी राहून मनातल्या मनात हसत होते.

‘आता ते बरे आहेत,’ मी म्हटलं. ‘खरंच बरे आहेत, काकू. तुमच्या रुसण्याचं काम झालं. आता आवाजाचं तेवढं राहिलंय.’

‘नक्की बरे आहेत?’

‘त्यांच्याइतका चांगला श्वास आज या वॉर्डात माझासुद्धा नाही.’

आम्ही आत आलो तेव्हा ऊन खाटेवर चढलं होतं. वाफ पांढरी, हलकी, काकांच्या उशीपाशी रेंगाळत होती. मी पुन्हा घसा साफ केला, फुगा रिकामा केला, झडप बसवली. हात तिथेच ठेवला. बुडबुडे वाजत होते. मी, काका, काकू, तिघांच्या छात्या एकाच वेळी वर गेल्या आणि थांबल्या. असे क्षण माझ्या स्वप्नांत असतात, जागेपणी क्वचित.

काकू पडद्याकडे वळल्या नाहीत. खिडकीकडेही नाहीत. त्या काकांच्या तोंडासमोर वाकल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, बोला ना.’

काकांचे डोळे हे एवढे मोठे झाले. श्वास धापांवर गेला, मापक टिवटिवायला लागला, मी झडप काढायला बोटं घातली, आणि तेवढ्यात आवाज आला. पावसाने फुगलेला खण ओढून उघडावा तसा, अडकत, खरखरत.

‘एवढं... वाईट आहे... का माझं?’

‘नाही हो!’ काकू ओरडल्या. ‘बरे आहात तुम्ही! या मुलीला विचारा!’

‘मग... बोललीस... कशाला?’

मी हसले. मला आवरलंच नाही. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही आवरलं नाही. ‘काका, तुमची नळी काढायचीय. तुमचा आवाज हवा होता, म्हणून मीच त्यांना बोलायला लावलं. तुम्ही मघाशी का बोलला नाहीत?’

काकांनी दम घेतला. एकेक शब्द वर यायला वेळ लागत होता, मधे हवा भरावी लागत होती. ‘मी आधी बोललो असतो... तर हिला वाटलं असतं... म्हातारा निरवानिरव करतोय.’

काकूंनी रुमाल तोंडावर दाबला. मी मापकाकडे बघत राहिले, आकडा परत जागेवर येईपर्यंत, जरा जास्तच वेळ. घशाच्या डॉक्टरीणबाईंना निरोप पाठवला की आवाज आहे, दुर्बीण नको. बाईंनी लगेच उत्तर पाठवलं, ‘छान. पहिल्याच दिवशी फार दमवू नकोस.’

दमले होतेच ते. पापण्या जड झाल्या होत्या, कपाळावर घाम आला होता, आणि झडप लावून झोपू द्यायचं नसतं. मी म्हटलं, ‘काका, आता काढते. आवाज जाईल, घाबरू नका, उद्या पुन्हा लावू.’

झडप काढली, फुगा भरला. आवाज थांबला. पण काका थांबले नाहीत. त्यांचे ओठ हलतच राहिले, भराभर, इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं एकदम. मी वाकून पाहिलं, मला एक शब्द लागेना. अशा ओठांवरून बोलणं ओळखण्याचा मला सराव आहे, तरी लागेना.

काकूंना लागत होतं.

‘हो, कळतंय मला,’ त्या म्हणाल्या. ‘हो... नाही, विजेचं बिल भरलं... असू दे... काय म्हणालात? पुन्हा म्हणा?’ त्या ताठ बसल्या. ‘तिरका? माझा पुठ्ठा तिरका? गिऱ्हाइकासमोर तेव्हाही हेच म्हणालात तुम्ही! मोजून कापला होता मी. तुमचीच चौकट कोपऱ्यात उघडी होती, विचारा कुणालाही!’

काकांचे ओठ आणखी जोरात हलले. एक हात पांघरुणाबाहेर आला आणि हवेत काटकोन काढून दाखवायला लागला. श्वास वाढला. नळीतून फुसफुस होऊ लागली.

मी पुढे व्हायला गेले, पण काकूंनी आधीच त्यांचा तो हात धरून छातीवर ठेवला होता, आणि वर आपला.

‘हळू, अहो, हळू. दम लागेल,’ त्या म्हणाल्या. ‘झोपा आता. राहिलेलं उद्या भांडू.’