जेलीफिशची खाज

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली रेजिनबाय जन्मभर थापा मारत आली आणि करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलणाऱ्या बायांनी त्या चवीनं ऐकल्या. पण परवा तिच्या गोष्टीतल्या शार्कनं चक्क रोझरीची प्रार्थना म्हटली, तेव्हा शेजारची कॅथरीन भडकली. "आता आणखी एक थाप मारलीस, की तुझी गोष्ट कायमची बंद!"

गोष्ट बंद म्हणजे रेजिनबायचा श्वासच बंद. म्हणून आज तिनं खरं सांगायचं ठरवलं.

"माझी नात टिफनी लॅबमध्ये काय करते, म्हायतंय? व्हायरस घेते आनि त्याच्यातला आजार काढून टाकते. मग जेलीफिशच्या चमकेचा जीन त्याच्यात भरते. व्हायरस तो जीन पेशीत नेऊन सोडतो, आनि निळ्या दिव्याखाली पेशी हिरव्यागार चमकतात!"

"थापाडी मेली!" सगळ्या ओरडल्या.

"येशूची शपथ!"

"शार्कच्या वेळी पन हीच शपथ होती." जाळ्यातले जेलीफिश काढून काढून कॅथरीनचे हात जन्मभर खाजले होते. "बरं, मग त्या पेशींना खाज सुटते का?"

"म्हायीत नाय गं," रेजिनबाय पुटपुटली आणि तिनं टिफनीला फोन लावला.

"नाही गं आजी," टिफनी हसली, "आम्ही फक्त चमक घेतो."

कॅथरीननं हातातली करंदी खाली ठेवली. "बायांनो, हे खरं हाय. थाप असती, तर हिला कोनाला विचारायला लागलं असतं का? सांग गं, पहिल्यापासून सांग."

रेजिनबायनं पदर सावरला. "तर तो व्हायरस होता आपल्या होडीएवढा..."