धुतलेला रिपोर्ट

आमची लॉन्ड्री आहे. कपडा मशीनमध्ये जाण्याआधी त्याचा प्रत्येक खिसा उलटा करायचा, हा ह्यांचा सव्वीस वर्षांचा नियम. कामाला नवी बाई आली की तिला पहिल्या दिवशी हे असं शिकवतात, की विमान चालवायला शिकवताहेत असं वाटावं. त्यांचे स्वतःचे खिसे मात्र घरी मी तपासायचे. संसारात अशा वाटण्या कुणी न ठरवता होतात.

पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर मला पुन्हा रक्त दिसलं आणि मी ते दोन महिने अंगावर काढलं. गाढवपणा, दुसरं काय! तपासणीत गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, गर्भाशय आणि अंडाशयं काढायची, ती तपासायला पाठवायची, आणि तो रिपोर्ट आला की कळेल, बाहेर पसरलाय की नाही.

नणंद म्हणाली, "या वयात त्या पिशवीचा तसाही काय उपयोग होता, वहिनी?"

उपयोग नव्हता, खरं आहे. पण माझ्या दोन मुली तिथे वाढल्या होत्या. मला वाईट वाटलं होतं आणि तसं मी तिला तोंडावर सांगितलं. तिने उठून माझी वेणी घालून दिली.

ऑपरेशन झालं. खोकताना पोटावर उशी धरायची, दीड महिना जड काही उचलायचं नाही, इस्त्री तर नाहीच. तिसऱ्या आठवड्यापासून मी दुकानात मागच्या खुर्चीत बसून बटणं लावायचे आणि ह्यांच्या चुका काढायचे. आत मात्र एकच घोर लागलेला, रिपोर्टचा. सोमवारी हे तो आणायला गेले आणि हात हलवत परत आले.

"अजून तयार नाही म्हणाले. गुरुवारी बघू."

बुधवारी दुपारी वाळलेल्या कपड्यांची टोपली समोर आली, तर समोरच्या शाळेतल्या हेडमास्तरांच्या काळ्या पँटवर पांढरा भुगा. सगळ्याच कपड्यांवर.

"कुणाचा खिसा राहिला?" मी ओरडले आणि टाक्यांत कळ आली.

"मी सगळे उलटे केले होते, ताई," नवी बाई रडकुंडीला आली.

तिचं खरं होतं. लगदा निघाला तो ह्यांच्याच राखाडी सदऱ्यात. सकाळी घरून आणून त्यांनी स्वतःच तो मशीनमध्ये टाकला होता. रिपोर्टच्या पाकिटाची प्लास्टिकची खिडकी तेवढी शाबूत होती आणि तिच्यामागे माझं अर्धं नाव.

मी लगदा इस्त्रीच्या टेबलावर ठेवला.

"सोमवारीच मिळाला होता?"

त्यांनी मान डोलावली.

"वाचलात?"

"उघडायचा धीर होईना. तुला द्यायचाही होईना."

"म्हणून खिशात घेऊन हिंडलात. आणि मग धुतलात!"

मला आधी भयंकर राग आला. मग त्यांचा चेहरा बघून हसू आलं. हसताना टाके इतके दुखले की मी उशीसाठी हात पुढे केला. उशी घरी होती, म्हणून त्यांनी हेडमास्तरांच्या पँटची घडी दिली. ती पोटाशी धरून मी फोन लावला.

"रिपोर्ट मी पाहिलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गर्भाशयाच्या बाहेर कुठेही नाही. पुढचे उपचार नकोत. दर तीन महिन्यांनी फक्त दाखवायला या."

मी फोन ठेवला. बोलायला गेले, तर तोंडातून शब्द फुटेना. नुसतं घळाघळा रडू.

ह्यांनी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं आणि माझ्या खुर्चीजवळ खाली फरशीवर बसले.

"असू दे," ते म्हणाले. "जे असेल ते असू दे. प्रत्येक वेळी मी बरोबर येईन, दुकान बंद ठेवू. अगं, तुझ्याशिवाय मला नाही जमायचं. कधी बोललो नाही. तू इथे मागे बसून मला बोल लावतेस ना, ते ऐकायला मिळतं म्हणून मी रोज शटर उघडतो. आणि..."

मी पदराने डोळे पुसले.

"पसरलेला नाही," मी म्हणाले. "सगळं निघालंय. पण तुमचं बोलणं अर्धं राहिलं. ते आधी पुरं करा."