मास्कांखालची दोरी

"सून गुणाची आहे गं, पण चार महिन्यांत कशी फुगलीय! जागची हलत म्हणून नाही."

सासूबाई फोनवर आपल्या बहिणीला सांगत होत्या. बाल्कनीत धुतलेल्या मास्कांची बादली घेऊन सूनबाई उभी आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला दिसत होती. मी तिथेच दोन खिळ्यांना ताणून बांधलेली होते.

मी दोरी बोलतेय. कपडे वाळत घालायची नव्हे, उड्या मारायची! दोन लाल मुठी आहेत मला. माहेरी सूनबाईच्या हातात मी मिनिटाला सव्वाशे फेरे घ्यायचे. लग्नाच्या बॅगेत, कपड्यांच्या घड्यांत ठेवून तिने मला जपून आणलं.

महिन्याभरात साथ आली आणि सगळे घरातच येऊन बसले. बेडरूममध्ये नवऱ्याचं ऑफिस, हॉलमध्ये सासरेबुवांच्या बातम्या. स्वयंपाकघरात मी फिरले असते तर बरण्यांची खैर नव्हती. एकदा तिने पॅसेजमध्ये जेमतेम दहा उड्या मारल्या, तर खालच्या काकांनी झाडूचा दांडा छताला ठोकला. उरली गच्ची. तिला कुलूप! सासरेबुवा इमारतीचे सेक्रेटरी. 'गर्दी टाळा' ही पाटी त्यांच्याच अक्षरातली, किल्ली टीव्हीशेजारच्या खिळ्याला. वर गर्दी होती ती फक्त पाण्याच्या टाक्यांची.

मग सासूबाईंना मी कपाटात सापडले. "बाई, केवढी मजबूत दोरी, नुसती पडून!" त्यांनी मला लगेच कामाला लावलं. खिळ्यांना गाठी मारल्या त्या सूनबाईनेच. नवी होती ना. पण भाजी घेऊन दोन जिने चढली की तिला धाप लागायची. कठड्याला धरून उभी राहायची. हीच का ती सव्वाशेवाली, असं मला वाटायचं.

त्या दिवशी मात्र तिने बादली खाली ठेवली. एकेक मास्क खुर्च्यांच्या पाठीवर टाकला. माझ्या गाठी सोडवल्या, मुठी पदराआड न लपवता हातात धरल्या आणि सरळ हॉलमध्ये गेली. सगळे चहाला बसले होते.

तिचा एवढा मोठा आवाज त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकला.

"आई, मी फुगलेय हे खरंय. पण ही माझी उड्यांची दोरी आहे, आणि दोन महिने तिच्यावर आपले मास्क वाळतायत. बाबा, किल्ली द्या. एका वेळी एकच घर, अर्धा-अर्धा तास. नवी पाटी मी लिहिते. पहिला नंबर आपला. आणि आई, चप्पल नको, बूट घाला."