अर्विडचा लाल झेंडा

मी एक टपालपेटी. विस्कॉन्सिनमधल्या एका खेड्यात, रस्त्याकडेच्या लाकडी खांबावर बसलेली. पत्र्याचं पोट, पुढे झाकण आणि कुशीला उभा-आडवा होणारा पत्र्याचा लाल झेंडा. घरच्यांना पत्र धाडायचं असलं की ते माझ्या पोटात ठेवून झेंडा उभा करतात; मग टपालवाली गाडी थांबवून ते घेऊन जाते. एवढं साधं माझं काम. अर्विडने त्यात आपलं डोकं लढवलं.

अर्विड घरं रंगवायचा. मला त्यानेच बसवलं, निळा रंगही त्यानेच दिला. ज्या कंपनीच्या रंगाचे डबे तो रोज उघडायचा, तिचेच शेअर जमेल तसे घ्यायचा.

"जो रंग इतके हिवाळे टिकतो, तो बनवणारी माणसं लफंगी नसणार," तो म्हणायचा.

"मला मागणी घालताना एवढी चौकशी केली नव्हतीस," त्याची बायको वर्ना म्हणायची.

कंपनी दर तिमाहीला लाभांशाचा चेक पाठवायची. तरुणपणी अर्विड त्या पैशांचे पुन्हा शेअरच घ्यायचा. म्हातारपणी त्यावरच त्यांचं घर चालू लागलं. दर मार्चमध्ये लाभांश शेअरमागे एखाद-दोन सेंटांनी वाढायचा. वाढीव चेक हातात पडला की अर्विड लगेच माझा झेंडा उभा करायचा, म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर्नाला कळावं. मग ती कॉफी ठेवायची आणि चेरीच्या मुरंब्याची बरणी उघडायची.

दुसऱ्या दिवशी टपालवाली डोरीन झेंडा बघून थांबायची आणि माझ्या पोटात काहीच नसायचं.

"अर्विड, पुन्हा रिकामी! तुझ्या दोन सेंटांपायी माझ्या गाडीचे ब्रेक झिजले!"

"मग मुरंबा खायला ये की!"

तीही जायची. घरातलं हसणं माझ्यापर्यंत ऐकू यायचं. फार सुखाचे दिवस होते ते.

अर्विड एका पानगळीत गेला. त्याच हिवाळ्यात शेअर बाजार कोसळला. मुलगा कर्टिस शहरातून आला आणि माझ्याभोवतीचं बर्फ उपसता उपसता आईला समजावू लागला.

"आई, विकून टाक सगळं. कंपनी लाभांश कापणार म्हणतायत. मग घर कशावर चालवशील? माझ्याकडे चल."

"मार्चचा चेक येऊ दे," वर्ना म्हणाली. "एक सेंटही वाढला नाही, तर शेअर विकते, घरही विकते. मग बसते तुझ्या चकचकीत स्वयंपाकघरात, तोंड शिवून."

मार्च आला. डोरीनने पाकीट माझ्या पोटात ठेवलं, पण झाकणावरचा हात तिला लवकर काढवेना. मला वाचता येत नाही. त्या पाकिटाची मला धास्तीच वाटली.

वर्ना अर्विडचे बूट घालून आली. पाकीट तिने तिथेच फोडलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"वाढवला रे! एकच सेंट, कंजूष मेले!" ती हसली आणि हसता हसता रडू लागली. मग तिने माझा झेंडा उभा केला आणि अर्विडसारखं वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं.

खिडकीत कोणी नव्हतं. इतकी वर्षं तिथून बघणारी तीच तर होती.

झेंडा मात्र तिने पाडला नाही.

दुसऱ्या दिवशी डोरीन थांबली. आज तिने मला उघडलंच नाही. गाडी बंद केली, चालत दारापर्यंत गेली आणि हाक मारली, "वर्ना, मुरंबा शिल्लक आहे ना?"

आता चेक येत नाहीत, पैसे परस्पर बँकेत जातात. माझ्या पोटात जाहिराती तेवढ्या पडतात. रंग उडालाय, बिजागरी कुरकुरते. तरी मार्चमध्ये लाभांश वाढल्याचा बँकेतून फोन आला की वर्ना काठी टेकत येते आणि झेंडा उभा करते. डोरीनही निवृत्त झाली, पण त्या दिवशी ती या रस्त्याने हमखास जाते.

कर्टिस, तू नवी पेटी आणणार आहेस, ऐकलंय मी. आण बाबा. झेंडा तेवढा माझाच लाव. आईचे हात आता थरथरतात, पण तो त्यांना न बघता सापडतो.