आठवड्यातून तीन अंडी

चौथ्या मजल्यावरच्या टेलरकाकांचा फॉर्म खोटा होता, आणि हे फक्त एकाच बाईला ठाऊक होतं. तो भरणाऱ्या सर्व्हेवाल्या ताईला.

वर्षभर ती त्या इमारतीसमोरून जायची वेळ आली की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायची. एकदा औषधांच्या दुकानात काका पाठमोरे दिसले, तर गोळ्या न घेताच माघारी फिरली. खाई त्याला खवखवे म्हणतात. हिने तर काही खाल्लंही नव्हतं, दुसऱ्याच्या नावावर खाणं लिहिलं होतं.

लोक काय खातात ते विचारणं हेच तिचं काम. आरोग्य संशोधन केंद्राने शहरातली सहाशे माणसं निवडली होती, शितावरून भाताची परीक्षा करायची तशी. तिच्या टॅबमध्ये एकशे अठरा पदार्थ होते. प्रत्येकाबद्दल विचारायचं, गेल्या वर्षभरात किती वेळा खाल्लं: कधीच नाही, महिन्यातून एकदा, आठवड्यातून एकदा की रोज? मग वाट्यांची चित्रं दाखवून विचारायचं, केवढं? स्वतःच्या लग्नाची तारीख न आठवणारे नवरे वर्षात गाजर किती वेळा खाल्लं ते छातीठोकपणे सांगायचे. तिला त्याचं काही नव्हतं. नियम एकच होता, माणूस सांगेल ते लिहायचं, आपण सुचवायचं नाही. शेवटी टॅब दिवसाच्या कॅलरी काढायचा. आकडा आठशेच्या खाली गेला की लाल व्हायचा. लाल झाला की दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या घरी जाऊन आदल्या दिवशीचं खाणं घासाघासाने विचारायचं, आणि तरी लालच राहिला तर आहारतज्ज्ञ बाईंना कळवायचं.

गेल्या वर्षी काकांचा आकडा सहाशे चाळीस आला होता.

शुक्रवारची दुपार होती. इमारतीला लिफ्ट नव्हती. चार जिने चढून तिच्या पोटऱ्यांत गोळे आले होते आणि वर आल्यावर पाच मिनिटं तिला बोलताही आलं नव्हतं. घरी नणंद येऊन बसली होती. उद्या पुन्हा हे जिने, या विचारानेच तिच्या जिवावर आलं. समोरचा म्हातारा तिला काही आजारी दिसेना. शर्ट अंगाला कसा बेतून बसला होता.

"काका, एवढ्यावर माणूस जगत नाही," ती म्हणाली होती. "नीट आठवा. अंडं आठवड्यातून तीनदा तरी होत असेल ना?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "असेल."

मग दूधही "असेल" निघालं, फळही "असेल" निघालं. पंधरा मिनिटांत आकडा चौदाशे दहावर गेला, हिरवा झाला, आणि ती साडेचारच्या आत घरी पोचली. नणंदेने चहाला नावं ठेवलीच, ती गोष्ट वेगळी.

रविवारी कपडे वाळत घालताना तिला एकदम आठवलं. काकांच्या शिलाई मशीनवर त्यांचाच एक शर्ट पडला होता, दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवलेला. आत घ्यायला काढला होता. कपडे सैल होतात तेव्हा लोकांना कळतं की माणूस वाळतोय. टेलरचे कपडे सैल होतीलच कसे? तिने ठरवलं, सोमवारी ऑफिसातल्या मॅडमना सांगून टाकायचं. सोमवारी मॅडमनी सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटली, महिन्यात हिचा एकही लाल फॉर्म शिल्लक नाही म्हणून. ती गप्प बसली. मंगळवारी सांगणं आणखी अवघड झालं, आणि पुढे तर तिने डोळ्यांवर कातडंच ओढून घेतलं.

आता दुसरी फेरी आली होती. तीच माणसं, तेच प्रश्न. वर्षाने उत्तरं जुळतात का ते बघायचं. तिने सोबतच्या बाईशी घरांची अदलाबदल करून पाहिली. मॅडम म्हणाल्या, ते चालणार नाही, ज्याचं घर त्यानेच करायचं.

काकांनी दार उघडलं. शर्ट आजही बेतून बसला होता. या वेळी तिने शर्ट सोडून मनगटं बघितली. नुसती हाडं होती.

खोली तशीच होती. खिडकीशी मशीन, भिंतीवर खिळ्याला टेप, शेगडीवर चहाचं एकुलतं एक पातेलं. बायको गेल्यापासून एकट्यासाठी काय रांधायचं, असं ते मागच्या वर्षीच म्हणाले होते. खिडकीत पेल्यामध्ये कवळी बुडवून ठेवलेली होती. ती आता सैल झालीय, काकांनी हसत सांगितलं, आणि कवळीला काही शिवण मारता येत नाही.

तिने टॅब उघडला. पहिला प्रश्न विचारायच्या आतच काकांनी मशीनच्या खणातून मापांची वही काढली, चष्मा लावला आणि वाचायला लागले. अंडं, आठवड्यातून तीन. दूध, रोज एक मोठा पेला. फळ, एक दिवसाआड. अक्षर टेलरच्या पेन्सिलीचं, जाड. एकूण एक उत्तर तिचंच होतं.

"हे लिहून कशाला ठेवलंत, काका?"

"तुम्हीच म्हणालात ना, एवढ्यावर माणूस जगत नाही. म्हटलं, शिकलेली बाई आहे, एवढं खायचं असतं म्हणून सांगतेय. आठ-दहा दिवस खाल्लंही बघा. मग दातांनी साथ सोडली, राहिलं." ते ओशाळले. "पण तुम्ही पुन्हा विचारणार, म्हणून वही जपली. म्हातारा सांगितलेलं ऐकत नाही असं नको व्हायला."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने वही हातात मागितली. शेजारच्या पानावर गिऱ्हाइकांसारखीच काकांनी स्वतःची मापं लिहिली होती, तारीख घालून, शर्ट आत घेतला त्या प्रत्येक वेळी. छाती छत्तीस. मग पस्तीस. शेवटचं माप गेल्या महिन्यातलं होतं, साडेबत्तीस. सर्व्हेच्या सहाशे फॉर्मांत इतकी खरी नोंद एकही नव्हती.

"काका, ती उत्तरं तुमची नव्हती," ती म्हणाली. "मी घातली होती, माझं काम लवकर आटपावं म्हणून. आज खरं सांगा. पहिल्यापासून सुरू करू."

काकांनी वही मिटली. मग त्यांनी खरं सांगितलं. चहा, पाव भिजवून. दुपारी पुन्हा तेच. अंडं कधीच नाही, फळ कधीच नाही, आणि तिचं बोट प्रत्येक वेळी "कधीच नाही"वर टेकत गेलं. आकडा पाचशे दहा आला. लाल.

नियमाप्रमाणे उद्या पुन्हा यायचं होतं. तिने उद्याची वाट न बघता तिथूनच मॅडमना फोन लावला. काका समोर बसले होते, त्यांना ऐकू जात होतं, आणि जावं असंच तिला वाटत होतं. मॅडम वैतागल्या. गेल्या वर्षी चौदाशे दहा आणि आता एकदम पाचशे दहा, असं कसं होईल, काहीतरी चुकलं असेल, पुन्हा विचार, म्हणाल्या.

"चुकलेलं नाही, मॅडम. गेल्या वर्षी सहाशे चाळीस होता, लाल होता. चौदाशे दहा हा आकडा माझा आहे. त्यांचा नाही."

 मग मॅडम कोरड्या आवाजात म्हणाल्या की उद्या सकाळी आहारतज्ज्ञ बाई येतील, डॉक्टरांना घेऊन. तिने टॅब घेऊन आत्ताच्या आत्ता ऑफिसात यायचं, आणि गेल्या वर्षीचे तिचे सगळे फॉर्म बाजूला काढले जातील. ती हो म्हणाली. नोकरी राहील की नाही ते तिने विचारलं नाही.

तिने पिशवी उचलली. माफी मागायला शब्द जुळवत ती दारात घुटमळली. पण काका तिच्यामागून जिन्यापर्यंत आले होते आणि त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

"ताई, उद्या येणाऱ्या बाईंना आधी सांगून ठेवा, चौथा मजला आहे म्हणून," ते म्हणाले. "लोकांना फार जड जातं. तुम्हालाही गेल्या वर्षी जड गेलं होतं."