बोडक्या मानेची पिल्लं

आत्माराम मुंबईला गिरणीत, त्याचा थोरला भाऊही तिथेच. अलोऱ्याजवळच्या गावात मागे राहिल्या त्यांच्या दोन बायका. दमयंती थोरल्याची, चिमा आत्मारामची. घराची वाटणी झाली, पडवीत मधोमध कारवीचा कुड उभा राहिला आणि दोघींचं बोलणं तुटलं. दमयंतीला तीन मुलं होती. चिमाची कूस अजून उजवली नव्हती.

त्या माघात दोघींच्या कोंबड्या एकाच सुमाराला खुडूक बसल्या. पिल्लं निघायला थोडे दिवस उरले असताना मुंगसाने चिमाची कोंबडी नेली. खाली अंडी ऊबदार होती. विचारायची सोय नव्हती. दमयंती पाण्याला गेल्यावर चिमाने ती अंडी गुपचूप तिच्या कोंबडीखाली सरकवली.

पिल्लं निघाली तेव्हा चारांच्या मानेवर लवच नव्हती. तशी बोडक्या मानेची जात वाडीत फक्त चिमाकडे होती. दमयंतीने ती चार निवडून पाटीत घातली आणि चिमाच्या दारात आदळली.

"वयनी, आईविना मरतील ती. थोडे दिवस राहू देत," चिमा म्हणाली.

दमयंती मुद्दाम मोठ्याने बोलली, शेजारणींना ऐकू जाईल असं. "पोटचं नाही ते नाहीच. अंडी उबवायलापण हिला दुसरीचं पोट लागतं."

चिमाने पाटी आत घेतली. गाडग्यात गरम राख भरून फडक्यात गुंडाळली, पिल्लं त्याला टेकवली. बोटावर ओली कणी धरून एकेकाची चोच टेकवत बसली. थंडी फार होती. सकाळी एक पिल्लू कडक झालेलं मिळालं. उरलेली तिघं सारखी ओरडत राहिली.

ते ओरडणं कुडाच्या पलीकडे कोंबडीला ऐकू जाई. ती कुडाखालून घुसायला बघे. दमयंतीने तिचा पाय सुंभाने खांबाला बांधला. कोंबडी दोर ताणत राहिली, पिल्लांवर बसेना. अंगणात विखुरलेल्यातलं एक पिल्लू कावळ्याने उचललं. दमयंती धावली, पण उशीर झाला होता. तिने शिव्या देत दोर सोडला.

कोंबडी सरळ चिमाच्या पडवीत गेली. मागोमाग तिची पिल्लं. दमयंती दारात आली.

"न्यायची तर न्या," चिमा म्हणाली. "कोंबडी तुमचीच."

दमयंतीने हात घातला. कोंबडीने पिसं फुलवून चोचीने तिच्या मनगटावर रक्त काढलं. पंखाखाली सगळी पिल्लं एकत्र होती, बोडकी आणि लवेची. दमयंती रक्त पुशीत उभी राहिली, मग परत गेली. दुसऱ्या सकाळी चिमाच्या उंबऱ्यावर कणीची वाटी होती. चिमाने ती उचलून कुडापलीकडे परत ठेवली आणि पिल्लांना आपल्याच घरची कणी घातली.

पिल्लांना पंख फुटले तशी चिमाने कोंबडी आणि दमयंतीची सगळी पिल्लं पाटीतून नेऊन दिली. आपली तीन ठेवून घेतली.

"मोजून घ्या."

दमयंतीने मोजली नाहीत. पाटी रिकामी करून तिच्याकडे दिली.

"त्या दिवशी चारचौघींत बोललात, ते मी विसरणार नाय," चिमा म्हणाली.

"मी कुठं विसर म्हटलं," दमयंती म्हणाली आणि आत निघून गेली. चिमा रिकामी पाटी घेऊन आपल्या पडवीत आली. कुड तसाच राहिला.