दिवसा सांगितलेली गोष्ट

"मंग त्या धिवरानं डोंगा बांधला," धुरपताबाई म्हणाली. "गावात नदी नाई, तलाव नाई, अना पठ्ठ्यानं डोंगा बांधला."

"हूं," शालीकराम घशातल्या घशात म्हणाला.

"लोक म्हनत, येडा झाला का गा तू? डोंगा चालवशीन कोठं?"

"हूं."

ऐन दुपार होती. सालेकशाच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात पौषाचं ऊन अंगणभर पसरलं होतं आणि तनसीच्या, धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाला पाठ टेकून शालीकराम डोळे मिटून बसला होता. हनुवटीखालून निघून डोक्यावर बांधलेली पांढरी पट्टी, तिच्यातून दोन्हीकडे डोकावणाऱ्या मिशा आणि मांडीवर तान्ह्या लेकराला दूध पाजायचं बोंडलं. त्यातून तो पेज प्यायचा. पन्नाशीच्या माणसानं बोंडल्यानं पेज प्यावी याची त्याला आधी फार लाज वाटली. मग कळेपुढे लाज टिकली नाही.

दिवाळीनंतर नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात त्याच्या खालच्या जबड्यातलं हाड काढलं होतं. दाढ सडली, दाढेखाली पू झाला, पू हाडात उतरला. हाड मेलंय, असं डॉक्टर म्हणाला आणि मेलेलं तेवढं त्यानं काढून टाकलं. क्लोरोफॉर्मचा गोड वास नाकात शिरला तेव्हा शालीकरामला वाटलं, मोह फुलला. त्या वासातून तो अजून पुरता बाहेर आलाच नव्हता. पट्टी निघेपर्यंत बोलायचं नाही, चावायचं नाही, तोंड उघडायचं नाही, असं बजावून त्याला घरी धाडलं होतं. कळ राहील, बरेच महिने राहील, हेही डॉक्टरनं सांगितलं होतं. सोबत थेंबांची बाटली दिली होती, ती केव्हाच संपली.

कळ मात्र राहिली. गंमत अशी की हाड जिथं उरलं नव्हतं, नेमकी तिथंच राहिली. नसलेल्या हाडानं दुखावं तरी कशाला, असं शालीकरामला विचारायचं होतं, पण विचारायला तोंड बांधलेलं. तिची वेळही ठरलेली. सकाळी गप्प असायची, ऊन चढलं की चढायची आणि दिवेलागणीला उतरायची.

त्या घरात गोष्टी सांगणारा खरं तर शालीकराम. धानाच्या खळ्यावर राखण करायला गेला की राखणदार त्याच्याभोवती गोळा व्हायचे. गोष्ट म्हटली की ऐकणाऱ्यानं हूं हूं करत हुंकारी द्यायची. हुंकारी थांबली की गोष्ट थांबली. धुरपताबाईनं लग्नापासून त्याला हुंकारी दिली होती. पण दिवसभर चिखलात वाकून धानाचा रोवणा करून आलेली बाई ती, अर्ध्या गोष्टीत तिचा डोळा लागायचा. त्यामुळे नवऱ्याच्या सगळ्या गोष्टींची सुरुवात तिला तोंडपाठ होती आणि शेवट एकीचाही ठाऊक नव्हता. आता पाळी उलटली होती. ती सांगायची आणि तो हुंकारी द्यायचा. हुंकारी द्यायची तर ऐकावं लागतं, आणि ऐकत राहिलं की कळ जराशी बाजूला होऊन बसते, हे दोघांना एका संध्याकाळी सहज उमगलं होतं. पण संध्याकाळी ती तशीही उतरतीलाच असायची. गोष्ट हवी होती ती दुपारी.

आणि दुपारी गोष्ट सांगायची नसते. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. सांगणाऱ्याचाही चुकतो, ऐकणाऱ्याचाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि का, असं विचारणारा शहाणा अजून जन्मलेला नाही. धुरपताबाईनं मनाशी विचार केला. आपला मामा पटकीच्या साथीत गेला, त्याची कसली वाट चुकायची. यांचा मामा चैतराम आहे, दरेकशाच्या जंगलापलीकडे; पण म्हातारा दाराबाहेर पडत नाही. बसलेला माणूस वाट कशी चुकेल? तिला या विचारात कुठेच खोट दिसली नाही. म्हणून तिनं भर दुपारी गोष्ट सुरू केली.

गोष्ट मध्यावर आली आणि तिची पुंजी संपली.

"मंग," ती थोडी अडखळली, "मंग त्या धिवरानं डोंग्याले बैल जुंपले."

शालीकरामनं खाडकन डोळे उघडले. या गोष्टीत बैल नव्हते. त्यानं दोन्ही हात हलवून नाही नाही केलं.

"हुंकारी द्या, नाई तं मी थांबते," धुरपताबाई म्हणाली.

"हूं," तो म्हणाला. इतका राग गिळून हुंकारी क्वचितच कुणी दिली असेल.

पण बैल चालू लागले, आणि थोड्या वेळानं तोही डोंग्यात जाऊन बसला. कापलेल्या धानाच्या बांध्यांतून डोंगा चालला होता. धानाची खुंटं पाण्यासारखी चमकत होती. दूर सालेकशाकडे गाडीनं शिटी दिली, ती पाण्यावरून आल्यासारखी ओली वाटली. कळ काठावर बसून राहिली. बोलावलं असतं तर आलीच असती, पण त्यानं तिला बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चैतराम मामा दारात उभा राहिला.

धोतर काट्यांनी फाटलेलं, पिंढऱ्यांवर ओरखडे, पायाचा अंगठा फुटलेला. आत येऊन म्हाताऱ्यानं काठी ठेवली आणि आधी वाकून शालीकरामच्या पायांना हात लावला. आमच्याकडे मामाच भाच्याच्या पाया पडतो, मग तो कितीही म्हातारा असो. शालीकरामनं त्याला धरून खाटेवर बसवलं.

"मामाजी, तुमी? अना एकटे?" धुरपताबाईनं विचारलं.

"भासा दुखन्यानं पडला, अना मी कायले घरी बसू वो? काल सकारीच निघालो. लहानपनापासूनची वाट हाये माही. पन दुपार झाली अना काय झालं कोन जाने. पाय भलतीकडंच जाऊन राहिले. लागला तो नाला आपला नाई, डोंगर आला तो आपला नाई. रात कोनाच्या तरी मचानावर काढली."

धुरपताबाईनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. जंगलात वाघ होते, अस्वलं होती, आणि म्हातारा सत्तरीच्या पुढचा होता.

त्या दुपारी गोष्ट झाली नाही. नंतरच्या दुपारीही झाली नाही. कळ आता हक्कानं येऊ लागली. शालीकराम तनसीत कपाळ खुपसून पडायचा. बांधलेल्या तोंडातून ओरडता येत नाही, त्यामुळे ते सगळं डोळ्यांवाटे यायचं. चैतराम मामा खाटेवर बसून मांडीवर अंबाडीची दोरी वळायचा आणि पाहायचा. काही दुपारी त्यानं असंच पाहण्यात काढल्या. मग एकदा दोरी हातातच राहिली.

"याच्यावर काही दवा नाई का वो?"

"होती," धुरपताबाई म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं. "मीच तुमाले जंगलात फिरवलं जी मामाजी. तुमी निघाले त्या दुपारी मी तुमच्या भास्याले गोष्ट सांगत होती. मले वाटलं, मामाजी तं घरीच बसून हायेत."

म्हाताऱ्यानं दोरी खाली ठेवली. कुंपणावर चिमण्या भांडत होत्या, त्यांच्याकडे पाहत राहिला.

"गोष्टीनं दुखनं थांबते?" त्यानं विचारलं.

"थांबत नाई. पन बाजूले बसते."

"मंग मी चालनंच बंद करतो," चैतराम मामा म्हणाला. "आता हा असा खाटेवर बसतो. तुह्या डोऱ्यासमोर. बसला मानूस कोठची वाट चुकन? सांग तू."

"अना घर तुमचं?"

"घरी पोरगा हाये, सून हाये."

"मोह येचाचा राहिला ना जी."

"मोहाले अजून वेर हाये. सांग."

म्हाताऱ्यानं दोन्ही पाय उचलून खाटेवर घेतले, मांडी घातली, धोतर आवरलं आणि म्हणाला, "हं. बसलो."

त्या दिवसापासून हे रोजचं झालं. ऊन चढलं की मामा पाय वर घ्यायचा आणि "हं, बसलो" म्हणायचा, मग धुरपताबाईची गोष्ट सुरू व्हायची. मध्येच त्याला कुंपणामागं जावं लागलं तर तो हात वर करायचा. गोष्ट तिथंच थांबायची, डोंग्याचा बैल एक पाय उचलून उभा राहायचा. म्हातारा परत येऊन बसला की बैल पाय टेकायचा. शेजारपाजारच्यांनी पाहिलं तेव्हा ते हसले. हसू देत. त्यांना काही दुखत नव्हतं.

ही गोष्ट शालीकरामनं लहानपणी मामाकडूनच ऐकलेली. त्यामुळे त्याच्यासमोर पहिल्यांदा बैल आले तेव्हा मामाही खाटेवर उसळला होता.

"याच्यात बैल कोठून आले वो?"

शालीकरामनं हातानंच त्याला शांत केलं. असू दे, असं त्या हातात होतं. मग मामानंही बैल मान्य केले.

माघात डोंगा फार लांब गेला. जंगलातून गेला, रुळांवरून गेला, गोंदियाच्या धानगिरण्यांमधून कोंडा उडवत गेला. एका दुपारी तो नागपूरच्या दवाखान्यातही शिरला. तिथल्या लोखंडी खाटा पाण्यावर संथ हलत होत्या आणि खाटांवरची माणसं हात पाण्यात सोडून झोपली होती, असं धुरपताबाईनं सांगितलं. तिनं दवाखाना एकदाच पाहिलेला, दारातून, रडत. शालीकराम ऐकत राहिला. मामाची दोरी वळायची थांबली. तिघांपैकी कुणालाच आता शेवट नको होता.

पुढे पट्टी निघाली. एका बाजूनं बसलेला चेहरा पाण्यात पाहून शालीकरामनं दोन दिवस कुणाकडे पाहिलं नाही. बोलणं आलं, पण वाकडं आणि ओलं. लोकांना दोनदा विचारावं लागायचं. यंदा खळ्यावर त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पुढच्या वर्षी बोलावतील असं कुणी म्हणत होतं, आणि तो मान हलवत होता. कळ होती तिथंच होती.

फाल्गुन उजाडला. पहाटे वाऱ्याबरोबर मोहाचा वास यायला लागला. चैतराम मामा झोपेतून उठून बसायचा आणि नाक वर करून हुंगत राहायचा. त्याच्या शेताच्या बांधावर मोहाची झाडं होती, त्याच्या बापानं राखलेली.

"पडून राहिला असन आता," तो म्हणायचा. "हरनं खात असतीन."

"जा मामा," शालीकराम म्हणाला. एकेक अक्षर लावून म्हणाला. "मी राहतो."

"दुपार झाली म्हनजे काय करशीन?"

"सहन करीन."

"पायलं ना तुहं सहन करनं," म्हातारा म्हणाला. "मोह का गा, दरसाल पडते. तुहं दुखनं उतरू दे. मंग जातो."

तो गेला नाही. होळीच्या आसपास त्याला ताप भरला. गावातल्या वैद्यानं काढा दिला, धुरपताबाईनं कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. तापात तो दुपारी पाय वर घ्यायला धडपडायचा. त्याला वाटायचं, आपले पाय खाली राहिलेत आणि पोरगी गोष्ट सांगायला खोळंबली आहे. शालीकराम त्याचे पाय हातांनी उचलून खाटेवर ठेवायचा, ते आधीच खाटेवर असले तरी. एका सकाळी ते पाय गार लागले.

मामाचा मुलगा आला, क्रियाकर्म झालं, अस्थी घेऊन मुलगा गेला. शालीकरामला फार फार वाईट वाटलं. मामाचा शेवटचा मोह आपल्या दुखण्यानं खाल्ला, हे त्याच्या मनातून जाईना. धुरपताबाईला तसं सांगायला गेला तर शब्द एकात एक अडकले. तिला मात्र दोनदा विचारावं लागलं नाही.

मग बऱ्याच दिवसांनी एका दुपारी ती केर काढून अंगणात आली. ऊन चढलं होतं. शालीकराम तनसीला टेकून बसला होता, जबडा तळहातात धरून. समोर खाट उन्हात रिकामी होती. धुरपताबाई त्याच्याजवळ बसली. पदरानं तिनं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

"सांगू का जी?"

त्यानं रिकाम्या खाटेकडे पाहिलं.

"आता काही हरकत नाई," ती हलकेच म्हणाली. "आता तं दोघाईचेही मामा..."

तिनं पदर डोळ्यांना लावला.

शालीकरामनं हात वर केला. शब्द जुळायला त्याला वेळ लागला.

"दिवा लागू दे."

"काऊन जी? दुखून राहिलं ना?"

"दुखून राहिलं," तो म्हणाला. "पन तो अजून वाटेतच असन. बुढा मानूस. लवकर नाई पोचत."

धुरपताबाईनं मान हलवली. ती सरकून त्याच्या शेजारी तनसीला टेकली आणि तिनं त्याचा मोकळा हात आपल्या हातात घेतला. दिवेलागण व्हायला अजून बराच वेळ होता.